दुसरा कागद

एक अक्षर. खरं म्हणजे घडलं ते एवढंच. कोर्टात चार दिवसांपूर्वी आलेल्या टाइपरायटरवरचं कापड बाबूलाल शिपायानं धूळ झटकायला काढलं, कागद आत अडकवलेलाच होता, आणि कोणी पाहत नाही असं बघून मी एका बोटानं एक कळ दाबली. खट् झालं. कागदावर इंग्रजी 'आर' उमटला. काळाभोर, ताठ, दोन्ही पाय घट्ट रोवून उभा. मी त्याच्याकडे बघत राहिलो. अठरा वर्षं मी वाशीमच्या कोर्टात नकला करत होतो. निकाल इंग्रजीत, अर्ज मराठीत, एखादा जुना कबाला, म्हणजे खरेदीखत, मोडीत. मूळ कागद डावीकडे, कोरा उजवीकडे, मधे दौत. माझा 'आर' बघायला वकील लोक टेबलाशी थांबत. त्याच्या पायाला एक हलका बाक होता, तो मी शाळेत असताना एका मास्तरांच्या वहीवरून उचलला आणि तीन वर्षं घोटला. आणि हा यंत्रातला 'आर', ज्याच्यासाठी कोणी छडी खाल्ली नव्हती, तो माझ्यापेक्षा चांगला होता. मी पुन्हा कळ दाबली. पुन्हा तोच, अगदी तसाच. मला जन्मात दोन 'आर' सारखे काढता आले नव्हते, आणि हे मला त्या दिवशी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

त्याच दुपारी शिरस्तेदारांनी, कोर्टाच्या मुख्य कारकुनांनी, बोलावलं. माणूस चांगला, वाईट बातमी सांगण्याआधी विड्याचं पान देणारा. पान हातात आलं तेव्हाच मी ओळखलं. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. पुढच्या आठवड्यात उन्हाळ्याची सुट्टी लागेल, जूनच्या मध्याला कोर्ट उघडेल, उघडल्यावर जज्जसाहेब स्वतः समोर बसून माझ्याकडून एक पान टाइप करून घेतील. जमलं तर नकलखाना माझाच राहील, वर बढतीसुद्धा मिळेल. नाही जमलं तर अकोल्याहून शिकून आलेला एक मुलगा तयार आहे, आणि मला रेकॉर्डच्या खोलीत गठ्ठे बांधायला बसवतील. त्या खोलीत खिडकी नव्हती. तिथं बसणारा शेवटचा कारकून मी पाहिला होता. तो बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या गुंड्यांकडे बघायचा. 'सुट्टीत हात चालवा, पुंजाजी,' शिरस्तेदार म्हणाले. कशावर चालवू? मशीन तर साहेबांच्या खोलीत कुलपात राहणार होतं. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मला आणखी एक पान दिलं.

नक्कल करायची म्हटली की मला धीर येतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी त्या यंत्रापुढं बसून कळांची नक्कल काढली, ओळी किती, कोणती कळ कोणत्या कळीच्या किती उजवीकडे सरकलेली, सगळं. कोपऱ्यातल्या एका कळीवर शाईचा डाग होता, तोसुद्धा काढला. आमच्या धंद्यात माशीला माशीच लागते. मूळ कागदात ओळ जिथं संपली तिथंच नकलेत संपली पाहिजे, त्यात चूक असली तर नकलेतही तीच चूक. तुमची अक्कल तुमच्या घरी. या एका नियमावर मी अठरा वर्षं भाकर खाल्ली. मशीन आणून देणाऱ्या माणसानं एकदा सगळ्यांना ते चालवून दाखवलं होतं. ओळ सरली की डाव्या हातानं दांडी ढकलायची, वरचा गाडा सरकन मागं येतो, हे मी नीट पाहून ठेवलं. त्याच्या आधी कुठंतरी टिण् अशी बारीक घंटी वाजली होती, आणि बाबूलाल म्हणाला होता, देवळातल्यावाणी वाजते बाप्पा. घंटी मी ऐकली आणि सोडून दिली. घंटीची काही नक्कल काढता येत नाही.

बायको पोरांना घेऊन रिसोडला माहेरी गेली आणि मी गावी आलो. अनसिंगपासून दोन कोस आमचं गाव. घरी थोरला भाऊ जानरावदादा, कस्तुरावहिनी आणि आमची आत्या रंगूबाई, जी तेराव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती आमच्या घरची मालकीणच होऊन बसली. उन्हाळ्यात गावाला काही काम नसतं असं शहरातल्या लोकांना वाटतं. कामं असतात, पण ती सावलीच्या मागं मागं सरकत करायची असतात. दोर वळायचे, खत ओढायचं, छपरावरच्या पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, बदलायच्या. मी माळ्यावरून माझी धूळपाटी काढली. लहानपणी हिच्यावर धूळ पसरून मी बोटानं पहिली अक्षरं काढली होती. एका कडेला माझे दात उमटलेले होते, कोणत्या तरी रागाचे. त्याच पाटीवर मी काजळात डिंक कालवून इंग्रजी कळा काढल्या आणि ओसरीत बसून बोटं आपटायला लागलो. सोबत एका जुन्या निकालाचा कागद आणला होता, तो समोर ठेवायचा, ओळ सरली की डाव्या हातानं हवेतली दांडी ढकलायची. पहिल्या दिवशी वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. तिसऱ्या दिवशी गावभर झालं की पुंजाजीबाबू पाटीवर पेटी वाजवून राह्यले, भजनात बसाचं हाय वाटते. दादा एकदा बैलाला पेंड घालताना, मला ऐकू जाईल अशा बेतानं, बैलालाच म्हणाला की आमच्या बापानं वावर विकून याले शिकवलं, अन् हा आता लाकूड ठोकून राह्यला. मला राग आला तो दादाचा नाही. लाकूडच ठोकत होतो मी. कळ दबत नव्हती, खट् होत नव्हतं, अक्षर उमटत नव्हतं. बरोबर आपटलं की चूक हे सांगायला त्या पाटीला तोंड नव्हतं. चाळीस दिवस अशा मुक्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, हे ज्यानं ठेवला त्यालाच ठाऊक. दुपारी बोटांची टोकं हुळहुळायची, ओसरीवरून झळ आत यायची, आणि मला रेकॉर्डच्या खोलीचा वास यायचा, कसर लागलेल्या कागदाचा, वाशीमहून इतक्या लांब.

एका सकाळी, उजाडता उजाडता, मी नदीवर गेलो. नदी म्हणजे त्या दिवसांत नुसती वाळू, मधे मधे पाण्यासाठी उकरलेले झिरे. वळणाजवळ मला आमचे बैल दिसले. बैलांना तिफन जुंपलेली होती. मी थांबलोच. तिफन म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. वर लाकडाचं वाटीसारखं चाडं, त्यात मुठीनं दाणे सोडत जायचे, ते तीन नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे फणांनी पाडलेल्या रेघांत, पडतात. एकानं बैल हाकायचे, दुसऱ्यानं चाड्यावर मूठ धरून सोबत चालायचं. पेरणीला अजून महिना होता, आणि इथं नदीच्या कोरड्या वाळूत आमचा सालदार, म्हणजे सालानं ठेवलेला गडी, चंपत तिफन हाकत होता, आणि त्याची बायको गोजराबाई चाड्यावर मूठ धरून चालली होती. वाळू पेरत होते की काय! मागं तीन रेघा उमटत होत्या, सरळ, पलीकडच्या काठापर्यंत. काठ आला की गोजराबाई हलक्या आवाजात 'हां' म्हणायची, चंपत तिफन उचलायचा, बैल वळायचे, पुन्हा सुरू. मला आधी हसू आलं आणि मग ते विरलं, कारण गावात आणखी कोणीतरी लाकूड ठोकत होतं. मला वाटलं, चंपत शिकतोय. गडी माणूस, वरची जागा हवी असेल. मी बाभळीमागं उभा राहून बघत राहिलो. सरळ रेघ ओढता येणं ही माझ्या लेखी लहान गोष्ट नाही. परतताना ते तिफन काठच्या झुडपात दडवत आणि बैलांना झिऱ्यावर पाणी पाजून नेत, घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक की चंपत बैलांना पाण्यावर नेतो.

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. त्यांना दिसणार नाही असा उभा राहायचो. एखाद्या दिवशी तास वाकडं जायचं, मग दोघं मागं येऊन रेघांकडे बघत उभी राहायची, चंपत पायानं वाळू सारखी करायचा आणि पुन्हा तेच. मला ते बघून बळ यायचं हे खरं, पण त्यात कुठंतरी मत्सरही होता. त्यांचं बघून घेता येत होतं. रेघ वाकडी की सरळ हे वाळू सांगत होती. माझी पाटी काही सांगत नव्हती. आणि त्याहून खोल एक टोचणी होती की या दोघांना कोणी जूनमध्ये साहेबासमोर बसवणार नव्हतं, तरी ती उठत होती. मी उठत होतो तो भीतीनं. ती कशानं उठत होती ते मला कळत नव्हतं, आणि नकलनवीसाला न कळलेली गोष्ट सोडून पुढं जाता येत नाही, तो त्या शब्दावर बोट ठेवून बसतो.

गोजराबाई सकाळी आमचा गोठा झाडायला यायची. तिशीच्या आतली बाई, उंच, चालताना मान जराशी पुढं काढणारी, निंदणाच्या बायांना सवयच लागते तशी. एके दिवशी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन जाता जाता ती ओसरीपाशी थांबली. मी बोटं थांबवली नाहीत. आता ही पण हसणार, हसून घे म्हटलं. ती हसली नाही. बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग पाटी खाली ठेवून तिनं विचारलं की याच्यात तुमाले कायी दिसते का, का नुसत्या बोटाले सवय लावून राह्यले. इतक्या दिवसांत हा पहिला शहाणा प्रश्न होता. नुसती सवय, मी म्हणालो, आणि तिला सांगून टाकलं सगळंच, यंत्र, साहेब, खिडकी नसलेली खोली. सांगितल्यावर लाज वाटली म्हणून मी तिच्यावर उलटवलं. म्हणालो, चंपतची तयारी मी पाहिली नदीवर, हात चांगला आहे त्याचा. ती दचकली. मग हळूच हसली.

"त्याले काय शिकाचं हाय, बाबू? तो लहानपनापासून हाकते तिफन. मी शिकून राह्यली."

मी म्हटलं, पण तुझी तर मूठ रिकामी होती. तिनं उजवा हात पुढं केला. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती, गुलाबी, तिच्यात बारीक वाळू रुतलेली. रिकामी नव्हती मूठ. एवढे दिवस मी बाभळीमागून बघत होतो आणि भलत्याच माणसाकडे बघत होतो. मग तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक असायला हवं होतं, माझंच घर ते. आमच्या घरचं चाडं तीस वर्षं रंगूआत्याच्या हातात होतं. आत्याची मूठ म्हणजे गावात दाखला. तिनं पेरलेल्या वावरात कुठं दाट नाही, कुठं बोडकं नाही. पण गेल्या साली तिचा हात थरथरला आणि वरच्या वावरात जवारी ठिगळं ठिगळं उगवली. कोणी बोललं नाही. आत्याही बोलली नाही, पण यंदा कोणाच्या तरी हाती चाडं द्यावं लागणार हे सगळ्यांना कळत होतं, आणि वहिनीला ते नको होतं. चाड्यावरची बाई म्हणजे आमच्याकडे मान. पेरणीच्या दिवशी पहिलं कुंकू तिला, लुगडं तिला, आणि मग वर्षभर निंदणाच्या बायांच्या पुढं चालणारी मुकादमीण तीच. सालदाराच्या बायकोला हे कधी मिळालं नव्हतं. कोणी मागितलंच नव्हतं. मी विचारलं, तुला काहून पाहिजे? बोलता बोलता माझी कोर्टाची भाषा गळून पडली होती.

"बारा वर्सं वाकून निंदलं, बाबू. आता उभ्यानं चालाचं हाय."

हे ती सहज बोलली, पाटी उचलताना, पण मला त्या दिवशी दुसरं काही सुचेना. जाता जाता ती पुन्हा वळली आणि तिनं विचारलं, तास कुठी सरते हे तुमाले कोन सांगते? मला आधी कळलं नाही. म्हणजे ओळ, ती म्हणाली. तुमी मंगानी हात झटकून राह्यले न, तो कवा झटकाचा हे कोन सांगते? मी तिला मूळ कागद दाखवला. मूळ कागदात ओळ जिथं संपते तिथं माझी ओळ संपते, हा आमचा नियम आहे, मी म्हणालो, आणि मला आठवतं, मी ते जरा कोर्टातल्या आवाजात म्हणालो. तिनं कागदाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"दुसऱ्याच्या वावराचा धुरा आपल्या वावराले कसा लागू होईन?"

अडाणी बाई, मी मनात म्हणालो. धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि कागदाला बांध नसतो, एवढं तिला कोण समजावणार. आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. पण तेव्हा मी तसंच म्हणालो आणि पुन्हा बोटं आपटायला लागलो, आधीपेक्षा जोरात.

दिवस जात राहिले. बोटं आता आपोआप जायला लागली होती, समोरच्या कागदावरून नजर न काढता. रात्री स्वप्नात मी वहिनीशी बोलायचो आणि प्रत्येक शब्द बोटांतून निघायचा. आणि का कोण जाणे, मला माझ्या परीक्षेपेक्षा गोजराबाईच्या परीक्षेची काळजी जास्त वाटायला लागली. मीच एका संध्याकाळी आत्याजवळ विषय काढला. आत्या बाजेवर बसून सुपारी कातरत होती; अडकित्ता धरलेला हात थरथरत होता आणि ते मी बघतोय हे तिला दिसत होतं. तिनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाली की मिरगाच्या चार दिवस आधी आंगन सारवा, अन् तिले बलवा. एवढंच.

मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, चार दिवस आधी वहिनीनं अंगण सारवलं. ते ओलसर असतानाच चंपतनं तिफन आणून ठेवली. बैल जुंपायचे नव्हते. दोन गडी पुढून ओढणार, चंपत मागून धरणार, फणांच्या बारीक रेघा शेणात उमटणार आणि दाणे त्यांत पडलेले दिसणार. दादा खांबाला टेकून उभा. आत्या पाटावर. मी माझ्या ओसरीत, पाटी मांडीवर घेऊन. वहिनीनं सूपभर जवारी आणून ठेवली, गोजराबाईनं ती पदराच्या ओटीत भरून घेतली, मूठ चाड्यावर धरली आणि तिफन चालली. मला ओसरीतूनच दिसलं की काहीतरी चुकतंय. तिची मूठ तशीच होती, नदीत असायची तशी, मनगट स्थिर, पावलाला पाऊल. पण खाली दाणे पडत नव्हते. म्हणजे पडत होते, दोन इथं, एक वीतभर पुढं, मग नुसती रेघ. अंगणाच्या टोकाशी ती 'हां' म्हणाली आणि सगळे खाली वाकून बघायला लागले. बोडकं. वाळू बोटांतून भुरभुर सुटते आणि जवारीचा दाणा अडतो, एवढी साधी गोष्ट, आणि ती कोणालाच, त्या दोघांनाही, सुचली नव्हती. सुचणार कशी? दाणा मालकाचा. सालदाराच्या बायकोनं मूठभर जवारी नदीवर नेऊन वाळूत सांडली असती तर गावानं तिला काय म्हटलं असतं? आणि मागून न्यायची तर मागायचं कोणाजवळ? दादानं खांब सोडला, झालं आता असं म्हणण्याच्या बेतात. चंपत मान खाली घालून तिफनीच्या दांडीवरचं न दिसणारं काहीतरी पुसत होता. माझी बोटं पाटीवर आवळली गेली होती. मला तिथून उठून जायचं होतं. तिच्या जागी मी असतो तर केव्हाच निघून गेलो असतो, पदराखाली तोंड लपवून, आणि पुन्हा त्या अंगणात आलो नसतो.

ती गेली नाही. तिनं पडलेल्या दाण्यांकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, आणि सरळ आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मालकीनबाई, दाना आजच हातात आला. आनखीन एक डाव द्या."

विनवणी नव्हती त्यात, रडं नव्हतं, उर्मटपणाही नव्हता. तहान लागली की पाणी मागतात तसं तिनं मागितलं. दादा काही म्हणणार होता, आत्यानं हात वर केला. मग आत्या स्वतः उठली, सुपातली जवारी ओंजळीनं गोजराबाईच्या ओटीत घातली, आणि पाटावर परत बसली. गोजराबाई अंगणाच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटून, आणि एका हातातली जवारी दुसऱ्या हातात सोडायला लागली. या हातातून त्या हातात, त्यातून या हातात. कितीदा ते मी मोजलं नाही. तिचा चेहरा असा झाला होता की जणू ती कोणाचं तरी दुरून येणारं बोलणं ऐकतेय. मग तिनं डोळे उघडले, मूठ चाड्यावर ठेवली, पहिल्यापेक्षा जराशी सैल, आणि चंपतकडे मान हलवली. तिफन अंगणाच्या दुसऱ्या बाजूनं गेली. आत्या पाटावरून उतरून शेणावर बसली आणि वीतवीत करत, थरथरतं बोट टेकवत दाणे मोजत गेली. चार. चार. पाच. चार. शेवटच्या विताला तिनं बोट तसंच राहू दिलं. मला वाटलं ती रडतेय, पण ती रडत नव्हती. तिनं हात पुसले आणि वहिनीला म्हणाली, कस्तुरा, हिच्या कपायाले कुकू लाव. वहिनीचं तोंड उतरलं होतं, पण तिनं लावलं, आणि लावताना तिचाही हात जपून चालला, हे मी पाहिलं.

मिरग निघाला त्या दिवशी मी वाशीमला परत आलो, पेरणी पाहायला न थांबता. आठ दिवसांनी साहेबांनी बोलावलं. खोलीत साहेब, शिरस्तेदार आणि दारात बाबूलाल. मशीनवरचं कापड काढलं गेलं. समोर ठेवलेला मूळ कागद लांबरुंद होता, जुन्या हाताचा, एकेक ओळ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेली. मी बोटं ठेवली. कळा दबल्या, खाली गेल्या, वर आल्या, आणि चाळीस दिवस मुकी असलेली पाटी एकदम बोलायला लागली. खट खट खट. अक्षरं माझ्या बोटांतून निघत होती, ताठ, सारखी. मला आनंदानं घाम फुटला. मी नजर मूळ कागदावरून काढली नाही. मधे टिण् असं वाजलं; वाजू दे. मुळातली ओळ अजून संपली नव्हती. मी पुढं गेलो, मुळातली ओळ संपली तिथं दांडी ढकलली आणि दुसरी ओळ धरली. टिण्. पुढं गेलो. असा मी अर्ध्या पानापर्यंत आलो तेव्हा शिरस्तेदार खाकरले. मी कागदाकडे पाहिलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक काळा गोळा होता. गाडा कडेला जाऊन थांबलेला आणि मी एकाच जागेवर पाच-सहा अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर आपटत राहिलेलो. एखादा गोळा इतका आपटलेला की कागद फाटून भोक पडलं होतं. साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. तेवढं मला पुरेसं होतं.

नासलेला कागद. अठरा वर्षांत माझ्या हातून एक कागद नासला नव्हता. नकलखान्यात कागद मोजून मिळतो, आणि दुसरा कागद मागणं म्हणजे नाक कापून घेणं. ज्यानं मागितला त्याची गोष्ट वर्षभर वकिलांच्या खोलीत चालते. मी आजवर मागितला नव्हता. मी उठलो. हात टोपीकडे गेला. डोळ्यांसमोर ती बिनखिडकीची खोली आली, गुंड्यांकडे बघणारा तो कारकून आला. आणि त्याच्यामागं, कशी कोण जाणे, शेणानं सारवलेल्या अंगणाच्या मधोमध डोळे मिटून उभी असलेली बाई आली, या हातातली जवारी त्या हातात सोडणारी. दुसऱ्याच्या वावराचा धुरा. मला घंटी पुन्हा ऐकू आली, आता वाजत नसलेली, पहिल्या दिवशी मी सोडून दिलेली. ती सांगत होती, धुरा आला म्हणून. माझ्याच कागदाचा धुरा. मी टोपीवरचा हात खाली घेतला.

"साहेब, एक कागद आणखी द्यावा."

आवाज माझा होता पण त्यातली चाल माझी नव्हती. साहेबांनी शिरस्तेदारांकडे पाहिलं, शिरस्तेदारांनी खालच्या खणातून कागद काढला. मी तो अडकवला. घाई केली नाही. आधी उगाचच दहा-पंधरा कळा दाबून घंटी कुठं वाजते ते ऐकलं, तिच्यानंतर किती अक्षरं मावतात ते बघितलं, गाडा मागं आणला. मग सुरुवात केली. घंटी वाजली की मी शब्द पुरा करायचो, ओठांतल्या ओठांत 'हां' म्हणायचो आणि दांडी ढकलायचो. मुळातली ओळ कुठं संपते ते मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं नाही. पान सावकाश झालं. त्यात दोन चुका होत्या, एक ओळ जराशी वर गेली होती. साहेबांनी ते उचलून उजेडात धरलं, आणि चालेल, म्हणाले. बाहेर आल्यावर शिरस्तेदारांनी विड्याचं पान दिलं, आणि या वेळी त्याच्यामागून काही सांगितलं नाही. नासलेला कागद मी बाबूलालकडून मागून घेतला.

पोळ्याला घरी गेलो. बैलांना न्हाऊ घालायला नदीत आता पाणी होतं, वळणाजवळची वाळू त्याच्याखाली गेलेली. मी आधी वावरात गेलो. जवारी कमरेला लागत होती. मी धुऱ्यावर उभा राहून एका तासातून पलीकडे पाहिलं आणि नजर अडली नाही, थेट दुसऱ्या धुऱ्यापर्यंत गेली. कुठं दाट नाही, कुठं बोडकं नाही. आत्यानं पेरली असती तर अशीच असती, आणि हे आत्याच सगळ्यांना सांगत फिरत होती. सणाच्या आधी एवढा पट्टा निंदून घ्यायचा म्हणून बाया वाकून चालल्या होत्या, आणि त्यांच्या पुढं गोजराबाई, उभी. मान अजून जराशी पुढं होती, बारा वर्षांची सवय एका उन्हाळ्यात जात नाही. मला बघून ती थांबली. काय झालं बाबू तुमच्या मशीनचं, तिनं विचारलं. खिशात तो भोकं पडलेला कागद घडी करून आणला होता, तिला दाखवायला. वाटेत सगळं बोलणंही जुळवून ठेवलं होतं, तिचे उपकार कसे मानायचे ते. आता ती समोर उभी होती आणि त्यातलं काहीच तोंडात येईना.

"पयला कागद नासला," मी म्हणालो.

"मंग? दुसरा मांगतला का नाई?"

"मांगतला."

तिनं मान हलवली, जेवलात का विचारल्यावर जेवलो सांगितलं की हलवतात तशी, आणि वळून बायांना पुढचं तास धरायला सांगितलं.